रब्बीत पाण्याची पाळी तारखेवर नको, जमिनीवर ठरवा

पाऊस थांबला की पहिला प्रश्न येतो: पाणी किती दिवसांनी द्यायचं? शेजारच्या शेतात दहा दिवसांची पाळी चालते म्हणून आपल्याकडेही चालेल असं नाही. मातीच्या कणांमध्ये पाणी किती मावतं आणि त्यातलं मुळांना किती मिळतं, यावर पाळी ठरते.

भरपूर पाणी दिल्यावर जादा पाणी निचरून जातं आणि जमीन वाफशावर येते, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात. हलक्या, म्हणजे वालुकामय जमिनीत हे साधारण एका दिवसात होतं, भारी, म्हणजे चिकणमातीच्या जमिनीत दोन-तीन दिवस किंवा जास्तही लागतात. वाफशापासून पीक कायमचं कोमेजेपर्यंत जी ओल पिकाला घेता येते, तीच खरी शिल्लक. एक मीटर खोलीच्या वालुकामय जमिनीत ती ढोबळमानाने 60 ते 80 मिलिमीटर, पोयट्याच्या (मध्यम) जमिनीत 150 च्या आसपास आणि भारी जमिनीत 200 च्या घरात असते. चिकणमातीत एकूण पाणी याहून पुष्कळ जास्त असतं, पण तिचे बारीक कण त्यातलं बरंच इतकं घट्ट धरून ठेवतात की मुळांना ते ओढता येत नाही. म्हणून भारी रान हाताला ओलसर लागतं आणि तरी पीक माना टाकतं.

आता हिशेब. मुळं 60 सेंटीमीटर खोल आहेत आणि पीक रोज 5 मिलिमीटर पाणी वापरतं असं धरा. शिल्लक ओलीपैकी निम्मी संपली की पाणी द्यायचं. भारी जमिनीत 120 पैकी 60 मिलिमीटर, म्हणजे बारा दिवस. हलक्या जमिनीत मीटरला 80 धरले तर 48 पैकी 24, म्हणजे जेमतेम पाच दिवस. रोप लहान असताना मुळं 15 सेंटीमीटरवरच असतात, तेव्हा भारी रानातही लांब पाळी चालत नाही. आणि खाली 30 सेंटीमीटरवर मुरूम लागत असेल तर वरची माती कितीही काळीभोर असो, हिशेब 30 चाच करायचा.

एका एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,047 लिटर पाणी. पंपाखाली 200 लिटरचा ड्रम लावा. तो 40 सेकंदांत भरला तर तासाला 18,000 लिटर मिळतात. मग 24 मिलिमीटरला एकरी साडेपाच तास आणि 60 मिलिमीटरला साडेतेरा तास लागतील. पाटाने देत असाल तर वाटेत मुरणारं पाणी वेगळं.

हलक्या रानात एकदम साडेतेरा तास पाणी सोडलं तर निम्म्याहून जास्त मुळांच्या खाली जातं आणि युरियातलं नत्रही सोबत नेतं. पीक पिवळं पडलं की आणखी खत टाकलं जातं, तेही तसंच वाहून जातं. अशा जमिनीत नत्राचे हप्ते वाढवा आणि सऱ्या आखूड ठेवा.

भारी जमिनीचं दुखणं उलटं. तिथे पाणी तासाला 1 ते 5 मिलिमीटर एवढंच मुरतं. वेगाने सोडलं तर शेवटाला तळं साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. हे पिवळेपण तहानेचं समजून पुन्हा पाणी देणं ही सर्रास होणारी चूक. जमीन वाळताना पडणाऱ्या भेगा रुंदावण्याआधीच कोळपणी करा, म्हणजे वरची माती हलवून भुसभुशीत करा. मोठ्या भेगा पडल्यावर दिलेलं पहिलं पाणी पुढे सरकण्याऐवजी त्यांतूनच खोल उतरतं.

ठिबकचंही तसंच. हलक्या जमिनीत पाणी सरळ खाली जातं, भारी जमिनीत आडवं पसरतं. त्यामुळे हलक्या रानात ड्रिपर 30 सेंटीमीटरवर घेऊन थोडं थोडं, वरचेवर पाणी द्या. भारी रानात 50-60 सेंटीमीटर अंतरही पुरतं.

पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांनी लोखंडी सळई चार-पाच ठिकाणी खुपसून पाहा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी माती लागली की अडते. दगड लागला तर हातभर सरकून पुन्हा खुपसा. सळई 25 सेंटीमीटरवरच अडत असेल आणि मुळं 60 वर असतील, तर पुढच्या वेळी पाणी जास्त वेळ चालू ठेवा. पाळी जवळ आणून ती तूट भरत नाही.