गुहेतला आवाज रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

आदिमानवाची चित्रं किंवा कोरीवकाम असलेल्या जागी आवाज कसा घुमतो ते नोंदवायचा आम्हाला नाद आहे. भीमबेटकाच्या गुहाचित्रांकडे किंवा कोकणात कातळशिल्पं बघायला जायच्या आधी आम्ही ठाण्याचे तिघं-चौघं कान्हेरीला प्रॅक्टिस करतो, घोडबंदर रोडने बोरिवलीला पोचायचं आणि सकाळी गर्दी व्हायच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं. कान्हेरी म्हणजे आदिमानवाची चित्रं नव्हेत, कोरलेली बौद्ध लेणी आहेत, पण 3 नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या दालनात, टाळी वाजवली की आवाज किती वेळ घुमतो ते ऐकून कान तयार होतो.

सगळ्यात मोठी चूक फोनची. व्हॉइस रेकॉर्डर लावला, टाळी वाजवली, घरी येऊन ऐकलं तर घुमणं गायबच, आणि मग आपल्याला वाटतं की गुहेत काही नव्हतंच. खरं म्हणजे बऱ्याच फोनमधलं नॉइज रिडक्शन टाळीनंतरची शेपटी गोंगाट समजून कापून टाकतं, आणि ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणं, असेल तर उलटं होतं, टाळी दाबली जाते आणि मागचा खरखराट वर येतो. आमची पहिली पूर्ण सकाळ अशीच वाया गेली. त्यामुळे हे दोन्ही बंद करता येईल असं ॲप घ्या, फाइल वेव्हमध्ये (.wav) ठेवा, लेव्हल हाताने सेट करा आणि टाळीचं टोक सपाट कापलं जात नाहीये ना ते तिथेच बघून घ्या. वाऱ्यासाठी माइकवर फोम हवाच.

दुसरी चूक हिशोबाची. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाळी आणि प्रतिध्वनी यांच्यातला वेळ मोजायचा, 343 ने (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर) गुणायचं आणि मग निम्मं करायचं, कारण आवाज जाऊन परत येतो. हे निम्मं करणं फार जण विसरतात, म्हणजे 0.23 सेकंदाला भिंत 79 मीटरवर दाखवतात, असते 39 वर. आणि 17 मीटरपेक्षा जवळच्या भिंतीचा प्रतिध्वनी बहुतेक वेळा वेगळा ऐकूच येत नाही, टाळीतच मिसळतो, म्हणून भिंतीला चिकटून उभं राहून 'इथे इको नाही' असं लिहू नका.

सगळा ग्रुप आत घेऊन मोजू नका, माणसं आणि कपडे आवाज शोषतात. फुगा फोडला तर टाळीपेक्षा दणका चांगला मिळतो हे खरं, पण आधी वर बघा, कड्याला आग्या मोहोळाची पोळी असतील तर फुगा नाही, टाळी नाही, काहीच नाही, गुपचूप मागे फिरा.

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या पठारावर, इको शोधणं हीपण एक चूकच. कशेळीचं हत्तीचं कातळशिल्प जमिनीलगतच्या कातळावर कोरलंय, आवाज परत यायला समोर भिंतच नाही. तिथे वारा, पक्षी, आणि माणसाची हाक किती लांबपर्यंत कळते ते नोंदवा, ते जास्त कामाचं आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. फक्त चित्रांपाशीच मोजू नका. 1988 मध्ये रेझ्निकॉफ आणि दोव्वा या दोन संशोधकांनी फ्रान्समधल्या गुहांबद्दल लिहिलं की जिथे आवाज जास्त घुमतो तिथे चित्रं जास्त सापडतात, आणि तेव्हापासून टाळी घुमली की लोक लगेच सांगून मोकळे होतात, इथे आदिमानव गायचा. पण रिकाम्या भिंतीपाशी तीच टाळी, तितक्याच अंतरावरून, वाजवून बघितली का? शिवाय पुढे आलेल्या कड्याखाली पाऊस लागत नाही म्हणून रंग टिकतो, आणि तसाच खोलगट कडा आवाजही चांगला परत पाठवतो, म्हणजे चित्रं आवाजासाठी तिथे काढली की फक्त तिथलीच टिकली हे नुसत्या टाळीवरून कळत नाही. म्हणून जितक्या जागा चित्रांच्या तितक्याच बिनचित्रांच्या मोजा.

बळ्ळारीजवळच्या कुपगलला गेलात तर अजून एक मोह होतो. तिथले डोलेराइट या कठीण, गडद खडकाचे काही दगड ठोकले की घंटेसारखे वाजतात, आणि पूर्वीच्या माणसांनी ठोकून ठोकून त्यांच्यावर खळगे पाडलेत, पुरातत्त्वज्ञ निकोल बोइव्हिन यांनी 2004 मध्ये त्यावर लिहिलं होतं. व्हिडिओसाठी दुसरा दगड घेऊन ते वाजवू नका प्लीज, तुमच्या एका ठोक्याची खूण त्या जुन्या खुणांत मिसळली की नंतर कोणालाच ती वेगळी काढता येणार नाही.