जाड रेघेच्या आत काय होतं

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी टीएल०७२ वर (एकाच आयसीत दोन ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारे अँप्लिफायर) साधा बफर बांधला होता, म्हणजे इनपुट जसंच्या तसं आउटपुटला देणारं सर्किट. गेन (वाढ) एक, सप्लाय ±१२ व्होल्ट, आउटपुटला तीन मीटर शिल्डेड केबल. इनपुट ग्राउंडला जोडलं तरी सीआरओवर (सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) बारीक रेघेऐवजी बोटभर जाड पट्टा. नॉइजच असणार असं धरून मी दोन दिवस केबल बदल, सप्लाय बदल, आयसी बदल, असं करत राहिलो.

शेवटी लॅबमधल्या सरांनी काहीच न बदलता टाइमबेसचा, म्हणजे पडद्यावरच्या एका चौकोनाला किती वेळ ते ठरवणारा नॉब फिरवला, मिलिसेकंदावरून थेट अर्ध्या मायक्रोसेकंदावर. पट्टा उलगडला. आत स्वच्छ साइन वेव्ह होती, साधारण एक मेगाहर्ट्झची. बाहेरून काही येत नव्हतं, सर्किट स्वतःच ऑसिलेट होत होतं, म्हणजे आपणहून लाटा तयार करत होतं.

म्हणून नवीन मुलांना मी आधी हेच करायला लावतो. इनपुट ग्राउंड करा आणि टाइमबेस मागेपुढे करा. दर २० मिलिसेकंदांनी तेच दिसलं तर मेन्सची (घरच्या विजेची) हम. मोकळ्या लांब वायरी आणि ग्राउंडची जोडणी बघा. १० मिलिसेकंद असेल तर सप्लायच्या रिपलचा (डीसीत उरलेल्या चढउताराचा) संशय घ्या. कसलाच ठेका नसलेली, गवतासारखी खरखर असेल तर तो खरा नॉइज. मोठे रेझिस्टर तो वाढवतात, तिथे किमती कमी करून पाहाव्यात.

माझ्या केबलचे मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे ३०० चा बोजा थेट आउटपुटवर. त्याने फीडबॅक, म्हणजे आउटपुटमधून इनपुटकडे परत नेलेला सिग्नल, उशिरा पोचतो, आणि गेन एक असताना सगळं आउटपुट परत येत असल्याने हा उशीर सर्वांत जास्त नडतो. आउटपुट पिन आणि केबलच्या मध्ये १०० ओहम टाकला, फीडबॅक मात्र पिनवरूनच घेतला. '१०४' चे (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर मी बोर्डाच्या टोकाला, सप्लायच्या वायरींपाशी लावले होते. ते पाय कापून ८ आणि ४ नंबरच्या, म्हणजे आयसीच्या सप्लायच्या पिनांना चिकटवून ग्राउंडला नेले. आयसीतला रिकामा दुसरा ऑप-अँपही लोंबकळत न ठेवता बफर करून त्याचं इनपुट ग्राउंड केलं.

सीआरओचा प्रोब (सर्किटला टेकवायची वायर) ×१० वरच ठेवा. ×१ वर प्रोबच शंभरेक पिकोफॅरड लादतो, आणि मग दिसणारं ऑसिलेशन कदाचित त्याचंच असतं.

रेघ बारीक झाली. खात्रीसाठी १०० ओहमच्या जागी साधी वायर लावली, पट्टा परत आला. रेझिस्टर पुन्हा बसवला, गेला.