घोड्यावरून पडल्यानंतर पुन्हा मांड टाकताना

'पडलास? मग लगेच परत चढ!' हा सल्ला खरचटण्यापुरता ठीक. हाड मोडलं असेल, डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत मांड टाकायची नाही. पडताना घातलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तेवढा धक्का झेलत नाही.

आधी पडण्याचं कारण शोधा. तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, ढिला होता का? खोगीर पाठीला टोचत होतं का? कुत्रा आडवा आला का? पुष्कळ घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून चढण्यापूर्वी आणि पाच मिनिटं चालवल्यावर असा दोनदा तंग तपासायचा.

भीती वाटली की श्वास कोंडतो, अंग पुढे झुकतं, टाचा वर जातात, पोटऱ्या आवळतात आणि हात लगाम खेचतात. पोटऱ्या आवळणं म्हणजे घोड्याला 'चल', लगाम खेचणं म्हणजे 'थांब'. दोन्ही एकदम मिळाल्यावर तो मान झटकतो किंवा उधळतो, आणि आपली भीती खरी ठरते. त्यामुळे 'घाबरू नकोस' असं स्वतःला बजावत बसण्यापेक्षा टाचा खाली दाबा आणि श्वास मोठ्याने, लांब सोडा. मोठ्याने आकडे मोजलेत तरी चालेल, बोलताना श्वास कोंडून धरता येत नाही.

सुरुवात जमिनीवरून. काही दिवस फक्त खरारा करा, म्हणजे ब्रशने अंग घासा, घोड्याला हाताने धरून चालवा, थांबवा, दोन पावलं मागे घ्या. मग उभ्या घोड्यावर बसा आणि उतरा. मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, घोड्याचं डोकं धरलेलं असावं. इथेच झटपट उतरण्याचा सराव करून घ्या: दोन्ही पाय रिकिबीतून (पाय अडकवायच्या कड्यातून) बाहेर, हात मानेवर, पाय मागून फिरवून गुडघे वाकवून जमिनीवर. उतरता येतं ही खात्री पटली की निम्मं काम झालं.

पुढे मधोमध उभ्या माणसाने धरलेल्या लांब दोरीवर, गोल फेऱ्यांत, फक्त चाल, म्हणजे घोड्याचं संथ चालणं. घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधा, म्हणजे घाबरल्यावर लगामाऐवजी तो धरता येईल. भीतीला शून्य ते दहा गुण द्या. सातवर गेली तर तिथेच उतरू नका, नाहीतर 'उतरलो म्हणून वाचलो' हेच डोक्यात पक्कं होतं. एक पायरी मागे या, म्हणजे चाल सोडून थांबा, आणि तीनवर आली की मग उतरा. वीस मिनिटं पुरे. चाल कंटाळवाणी वाटू लागली तरच दुडकी, म्हणजे हलकी धाव.

गोव्यात मोरजी-आश्वेची वाळू मोहात पाडते, पण किनारा शेवटी. फुटणारी लाट, लाटांवर खेळणाऱ्यांचं पतंगासारखं शीड, भटके कुत्रे हे सगळं तिथे एकदम समोर येतं. आधी कुंपणातलं मैदान, सकाळी उन्हं चढायच्या आत. पावसात जांभ्याची वाट शेवाळते, तिच्यावर घोडा नेऊ नका. चवथीत (गणेशोत्सवात) आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री फटाके वाजतात, त्या दिवसांत सराव बंदच ठेवावा.

महिना उलटूनही ते पडणं स्वप्नात येत असेल, घोड्याच्या वासानेही छाती धडधडत असेल, तर हे तबेल्याचं काम नव्हे. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात किंवा ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि तुमच्या भीतीवर हसणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असो, बदला.