दुर्मीळ बर्बन: बाटली नको, आधी घोट मागा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गेलात आणि पॅपी व्हॅन विंकल ही दुर्मीळ बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, चाखायची इच्छा असेल, तर बाटलीमागे धावू नका. छापील भावात ती दुकानात जवळजवळ मिळतच नाही. तिथल्या लुईव्हिल किंवा लेक्सिंग्टन शहरातल्या एखाद्या चांगल्या बर्बन बारमध्ये अर्धा औंस, म्हणजे साधारण १५ मिली, मागून बघा. भाव मात्र ओतण्याआधीच विचारा. केंटकीत २०१८ पासून परवानाधारक बार आणि दुकानांना लोकांच्या घरी पडून असलेल्या जुन्या सीलबंद बाटल्या घेऊन विकता येतात. त्यामुळे कधीच्या बंद पडलेल्या डिस्टिलरींची बर्बनही तिथे सापडते. मला तर पॅपीपेक्षा हाच खजिना मोठा वाटतो.

व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनियात राहत असाल तर सरकारी दारू दुकानांच्या दुर्मीळ बाटल्यांसाठीच्या सोडतीत नाव जरूर नोंदवा. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन बाटली मात्र घेऊ नका. रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकल्या जातात.

चाखण्यापूर्वी जीभ तयार करा. पॅपीमध्ये मक्याच्या जोडीला राय या धान्याऐवजी गहू असतो. वेलर आणि मेकर्स मार्क या बर्बनही गव्हाच्याच, आणि मेकर्स मार्क भारतातही मिळते. ती आधी ओळखीची झाली, तर पॅपीतला फरक कळेल. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकात झोंबत नाही. पहिला घोट अगदी लहान, फक्त जीभ सरावण्यापुरता. चव दुसऱ्या घोटात बघा, मग दोन थेंब पाणी टाकून पुन्हा.