गोव्याच्या हवेत टिकतील असे चामड्याचे बूट

मोले, नेत्रावळी किंवा चोर्ला घाटात चालायला चामड्याचे बूट घेणार असाल, तर आधी सोल बघा. आपल्याकडच्या दमट हवेत पहिला दगा देतो तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा सोल. बूट नुसते कपाटात पडून असले तरी ओलाव्याने त्याचा भुगा होतो, वरचं चामडं मात्र धडधाकट! म्हणून रबरी सोल घ्या, तोही शिवलेला. कडेची टाक्यांची ओळ कधीकधी नुसती शोभेची असते; पुढे सोल बदलता येईल का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. खाचा खोल हव्यात, नाहीतर पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर पाय सटकलाच.

चामडं अंगठ्याने दाबून पाहा. अस्सल असेल तर बारीक सुरकुत्या उमटतात. प्लास्टिकसारखी चकाकी दिसली तर सोडून द्या.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीचे जाड मोजे सोबत न्या. पुढे अंगठाभर जागा राहावी, टाच उचलली जाऊ नये. दुकानाच्या पायऱ्या उतरून बघा. बोटं पुढे आपटत असतील तर घाटातल्या उतारावर नखं काळी पडतील. ‘वापरून सैल होतील’ हे अर्धंच खरं: चामडं रुंदीला सैलावतं, लांबीला नाही.

भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली वाळवा. कडक ऊन किंवा चूल नको, चामडं तडकतं. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेत तर बुरशी ठरलेली. ती बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा आणि मग मेणाचं पॉलिश चोळा.