दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत रुजू होताना: पहिल्या वर्षाची तयारी

टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) पास झालात, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम लॉक केलात, निवड यादीत नाव लागलं आणि आता जिल्हा परिषदेत समुपदेशनाचा, म्हणजे शाळा निवडण्याचा, दिवस आहे. खरं काम इथून सुरू होतं. विदर्भातल्या खेड्यांत बहुतेक नव्या शिक्षकांच्या वाट्याला पहिली ते चौथीची दोनशिक्षकी शाळा येते. पहिल्या वर्षी तिथला शिकवण्याचा वेळ दोन गोष्टी खातात: अर्धवट राहिलेली कागदपत्रं आणि नीट न बसवलेलं वेळापत्रक. दोन्ही सुरुवातीलाच मार्गी लावता येतात.

समुपदेशनाला रिक्त पदांची यादी लावलेली असते. नकाशात अंतर बघून गाव निवडू नका. आधी तीन गोष्टींची चौकशी करा. पहिली, पट (मुलांची संख्या) किती आहे. दुसरी, पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की गावाचा रस्ता किती दिवस बंद असतो. भामरागड, एटापल्ली, धारणी, चिखलदरा या तालुक्यांत तर हा प्रश्न पहिला विचारायचा. तिसरी गोष्ट विचारायची राहून जाते: दुसरा शिक्षक खरोखर शाळेत असतो की प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेला आहे? कागदावर दोनशिक्षकी असलेली शाळा प्रत्यक्षात एकशिक्षकी निघाली, तर चार वर्ग, पोषण आहार आणि मुख्याध्यापकाचा प्रभार पहिल्याच दिवशी तुमच्या अंगावर येतो. गाव अवघड क्षेत्राच्या यादीत आहे का तेही पाहून ठेवा. तिथली ३ वर्षांची सेवा पुढे बदलीचा अधिकार मागताना कामी येते.

रुजू होण्याचा आठवडा

रुजू अहवालाच्या चार प्रती करा: शाळा, केंद्र (आसपासच्या शाळांचा गट), पंचायत समिती आणि स्वतःसाठी. त्यात तारखेबरोबर मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहिलेलं असलंच पाहिजे. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय पंचायत समितीतून निघू नका. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव जाईल तेव्हा मोजणी याच तारखेपासून होते.

जिल्हा शल्यचिकित्सकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, राखीव जागेवर असाल तर जात वैधता, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आणि डी.एल.एड. व टीईटीची मूळ प्रमाणपत्रं एकाच फाइलमध्ये ठेवा. २०१९ च्या टीईटीतला गैरव्यवहार उघड झाल्यापासून प्रमाणपत्रांची पडताळणी कडक झाली आहे. त्यामुळे बैठक क्रमांक आणि निकालाची प्रत हाताशी असू द्या. सेवापुस्तकाचं पहिलं पान भरताना स्वतः समोर बसा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी तपासा, नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहून घ्या. पुढे पानं भरत जातील तशी दुय्यम प्रतही भरून घ्यायची.

पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षण सेवक असता; या काळातलं मानधन पहिली ते आठवीसाठी महिन्याला १६,००० रुपये आहे. १ जानेवारी २०२३ पासून हा दर लागू झाला, त्याआधी ६,००० होते. पहिलं मानधन वेळेवर येईल असं धरून चालू नका. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढेपर्यंत काही महिने सहज जातात. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण गाजल्यापासून प्रत्येक कागद अधिक बारकाईनं पाहिला जातो. अडकण्याचं नेहमीचं कारण मात्र साधं असतं: आदेशात एक नाव, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं आणि बँकेत वडिलांच्या नावाऐवजी फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचा यात फार वेळ जातो. रुजू होण्याआधीच चारही ठिकाणचं नाव एकसारखं करून घ्या आणि तीन-चार महिन्यांच्या खोलीभाड्याची, किराण्याची सोय हाताशी ठेवा.

प्रभार घेताना

दोघांपैकी जो ज्येष्ठ तो प्रभारी मुख्याध्यापक. तुम्ही एकटेच असाल तर प्रभार तुमच्याकडेच येतो. घाईत सही करू नका. ‘सर्व साहित्य मिळाले’ असं एका ओळीत लिहून दिलेला प्रभार पुढच्या लेखापरीक्षणात तुमच्याच गळ्यात पडतो. दाखल-खारीज रजिस्टर (शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंद), हजेरी, रोकडवही, पासबुक, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंचं) रजिस्टर, पोषण आहाराचा साठा, गॅस सिलिंडर, टीव्ही, टॅब, शिक्के, सगळ्याची यादी करून एकेक वस्तू प्रत्यक्ष पाहा. जी वस्तू नाही किंवा बंद आहे तिच्यापुढे तसं लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. दाखल-खारीज रजिस्टरची शेवटची दहा पानं चाळा. खाडाखोड असेल तर पान आणि नोंद क्रमांक प्रभार यादीत उतरवून ठेवा. जात पडताळणीसाठी गावातली माणसं वीस-तीस वर्षांनीही याच रजिस्टरचा उतारा मागायला येतात. शाळेत याच्याइतका जपायचा दुसरा कागद नाही.

‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. खर्चाआधी समितीचा ठराव हवा. समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. बैठक संध्याकाळी, मजूर शेतातून परतल्यावर ठेवा. दुपारी ठेवली तर इतिवृत्तावर सह्या होतात, बैठक होत नाही.

दोन शिक्षक, चार वर्ग

पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, ही वाटणी सर्वांत टिकाऊ ठरते. पहिलीकडे अनुभवी शिक्षक द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. नव्याला ‘लहान पोट्टे सांभाळ’ म्हणून पहिली देण्याची पद्धत आहे, पण वाचनाचा पाया तिथेच पडतो किंवा कच्चा राहतो.

चाळीस मिनिटांची तासिका अशी बसवा. पहिली दहा मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र: गाणं, गोष्ट, तोंडी गणित. पुढची पंधरा मिनिटं दुसरीला शिकवा, तोवर पहिली हातातलं काम करेल. शेवटची पंधरा उलट. इथे नेमकं बिघडतं ते ‘हातातल्या कामा’त. ‘पाटीवर अ ते ज्ञ लिहा’ म्हटलं की पाच मिनिटांत पाटी भरते आणि गलका सुरू होतो. काम असं हवं की ते पंधरा मिनिटं पुरेल आणि बरोबर झालं की नाही ते मुलाला स्वतःला कळेल. चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मोजणं, काड्यांचे गठ्ठे बांधून संख्याकार्डाशी जुळवणं, चित्र आणि शब्दाच्या जोड्या लावणं ही कामं चालतात. कार्डाच्या मागे उत्तर लिहून ठेवा. दुसरीचं एखादं मूल पहिलीच्या गटात बसवा, पण रोज तेच नको, नाहीतर त्याचं शिकणं थांबतं.

दिवसातला एक तास इयत्ता विसरून गट पाडा: अक्षरावर अडकलेले, शब्द वाचणारे, वाक्य वाचणारे, परिच्छेद वाचणारे. चौथीतलं मूल अक्षरगटात बसलं तर त्याला लाज वाटू नये म्हणून गटांना झाडांची नावं द्या आणि दर महिन्याला गट बदला. या तासासाठी सकाळची वेळ ठेवा. दुपारच्या जेवणानंतर, विशेषतः मार्चपासून, मुलांचं लक्ष टिकत नाही.

सहकारी केंद्राच्या शिक्षण परिषदेला, प्रशिक्षणाला किंवा तालुक्याला गेला की चारही वर्ग एकट्यावर येतात. त्या दिवशी नवा घटक शिकवू नका. एक पेटी आधीच भरून ठेवा: मोठ्यानं वाचायची पाच गोष्टींची पुस्तकं, प्रत्येक गोष्टीवर चार पातळ्यांची कामं, कोरे कागद, रंग. पहिली गोष्टीचं चित्र काढते, दुसरी पाच शब्द लिहिते, तिसरी प्रश्नांची उत्तरं लिहिते, चौथी शेवट बदलून लिहिते. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी आवश्यक केली. त्यामुळे तुमचा ज्येष्ठ सहकारीही कदाचित अभ्यासाला बसला असेल. रजांचं आपसात आधी ठरवून घ्या.

मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, यवतमाळच्या पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) कोलामी, तांड्यांवर बंजारा बोली ही मुलांची घरची भाषा असते. पहिल्या महिन्यात अंगणवाडी सेविकेकडून रोजच्या वापरातले पन्नास शब्द लिहून घ्या: पाणी, दुखतंय, भूक, ये, बस, घर, प्राण्यांची आणि नात्यांची नावं. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला ‘असं नाही, शुद्ध बोल’ म्हणून अडवू नका. एकदा गप्प झालेलं मूल पुढे सहजासहजी बोलत नाही.

पोषण आहाराचा हिशेब

पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण आहे. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि ७.५ ग्रॅम. आज ४२ मुलं हजर असतील तर ४ किलो २०० ग्रॅम तांदूळ, ८४० ग्रॅम डाळ आणि २१० ग्रॅम तेल. हे वाटीच्या अंदाजानं नको. वजनकाटा ठेवा, किंवा एक डबा मोजून त्यावर खूण करा. सकाळची हजेरी झाल्यावरच स्वयंपाकी ताईंना आकडा द्या. पटाप्रमाणे शिजवून हजेरीप्रमाणे नोंद केली की महिन्याच्या शेवटी साठा जुळत नाही, आणि खुलासा प्रभारी मुख्याध्यापकाला द्यावा लागतो.

पोतं उतरवून घेताना वजन करा. पोतं फाटलेलं किंवा हलकं असेल तर पुरवठ्याच्या पावतीवर तिथेच प्रत्यक्ष वजन लिहून सही करा. गाडी निघून गेल्यावर तक्रारीला काही अर्थ उरत नाही. पोती भिंतीला टेकवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा. पावसाळ्यात ओल धरते आणि उंदरांच्या मागे साप येतो. सरपणात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा, हे ताईंनाही सांगा. आहार वाढण्याआधी शिक्षकानं आणि एखाद्या पालकानं चव घेऊन चव रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ॲपवरची रोजची माहिती त्याच दिवशी भरायची. रेंज नसेल तर आकडे वहीत उतरवा आणि रेंजच्या ठिकाणी पोचल्यावर पाठवा.

गावाचं वर्ष आणि पट

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला भरते. लगेच पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाची रोवणी सुरू होते आणि मोठी मुलं लहान भावंडं सांभाळायला घरी राहतात. पश्चिमेकडे ऑक्टोबरमध्ये सोयाबीन सोंगणी, मग कापसाची वेचणी. दिवाळीनंतर मेळघाटातली कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. या तारखा वार्षिक नियोजनाच्या कागदावर आधीच लिहा आणि अवघड घटक जुलैअखेर ते सप्टेंबर व डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत घ्या. स्थलांतराला निघालेल्या कुटुंबाला मुलाचं शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत ते लगेच बसू शकतं. त्याआधी गावातच आजी-आजोबांकडे मूल ठेवता येईल का, हे पालकांच्या घरी जाऊन विचारा. जायच्या आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही, पंधरा दिवस आधी जा.

संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार वैध नसलेलं मूल त्यात मोजलं जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. पट वीसपर्यंत घसरला की दुसरं पद धोक्यात येतं. म्हणून जुलैतच विद्यार्थी पोर्टलवर आधार अवैध दिसणाऱ्या मुलांची यादी काढा. चूक पोर्टलच्या नोंदीत असेल तर शाळेतच दुरुस्त होते. चूक आधारमध्ये असेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला घेऊन पालकाला आधार केंद्रावर पाठवावं लागतं. वयाच्या पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे देणं बंधनकारक असतं आणि पहिलीतल्या बऱ्याच मुलांचं तेच राहिलेलं असतं.

अशैक्षणिक कामांबाबत कायद्याचं कलम २७ स्पष्ट आहे: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांसाठी शिक्षक घेता येतो. बाकी कुठलंही काम तोंडी सांगितलं तर लेखी आदेश मागा, तोही नम्रपणे. आदेश आला तर हालचाल रजिस्टरला नोंद करूनच शाळा सोडा. बीएलओचं (मतदार यादीसाठी नेमलेल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम निवडणुकीत मोडतं, ते टाळता येत नाही. मात्र घरभेटी शाळेच्या वेळेबाहेर बसवा आणि त्याच फेरीत गैरहजर मुलांच्या घरीही डोकवा.

तीन वर्षं पूर्ण होण्याच्या दोन महिने आधी नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या: तिन्ही वर्षांचे गोपनीय अहवाल, उपस्थिती प्रमाणपत्र, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि वैधता प्रमाणपत्राची प्रत. एस-१० या वेतनस्तरात मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, म्हणजे प्रस्ताव पडून राहिलेला प्रत्येक महिना चांगलाच महागात पडतो. आवक क्रमांक घ्या आणि दर पंधरा दिवसांनी फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारा.