हॅग्लर की लिओनार्ड? जुना बॉक्सिंग सामना पाहताना गुण कसे द्यावेत

मराठीत बॉक्सिंगवर लिहिताना पहिली अडचण शब्दाचीच येते. मारतात तोही ‘पंच’ आणि त्याला गुण देतो तोही पंचच. म्हणून आधीच ठरवून टाकू: या लेखात मारतात तो ठोसा, आणि रिंगच्या बाजूला कागद घेऊन बसतात ते पंच. आज त्या पंचाच्या खुर्चीत तुम्ही बसायचंय.

सराव-सामना म्हणून मी एकच नाव सुचवेन. मार्व्हिन हॅग्लर विरुद्ध शुगर रे लिओनार्ड, 6 एप्रिल 1987, सीझर्स पॅलेस, लास वेगास. इंटरनेटवर पूर्ण सामना सापडतो. तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या आणि मधली एकेक मिनिटाची विश्रांती धरली तर पाऊण तासाचं काम. मध्ये चहाला उठायचं नाही.

नवखा माणूस हमखास हॅग्लरचा टॉमी हर्न्सविरुद्धचा सामना (1985) निवडतो. अफाट सामना आहे, पण तिसऱ्या फेरीतच संपतो. आपल्याकडच्या भाषेत ती निकाली कुस्ती झाली. एकजण आडवा झाल्यावर पंचांना विचारतो कोण? गुण द्यायला शिकायचं तर दोघेही शेवटपर्यंत उभे राहिलेले हवेत, आणि जमलं तर निकालावरून भांडण झालेलं हवं. हॅग्लर-लिओनार्डचं भांडण चाळीस वर्षं होत आली तरी मिटलेलं नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. हॅग्लर 1980पासून मिडलवेट या वजनगटाचा विजेता होता आणि 1976नंतर हरलेला नव्हता. लिओनार्डच्या डोळ्याच्या पडद्यावर 1982मध्ये शस्त्रक्रिया झाली होती, आणि मधल्या पाच वर्षांत तो एकदाच लढला होता. पण करार करताना त्याने डोकं चालवलं: पंधराऐवजी बाराच फेऱ्या, मोठं रिंग आणि जाड हातमोजे मागून घेतले. तिन्ही गोष्टी पळणाऱ्याच्या सोयीच्या. अंतिम निकाल काय लागला ते कदाचित तुम्हाला माहीत असेल. हरकत नाही; पण तिघा पंचांचे आकडे आत्ता शोधू नका. मी पुढे देणारच आहे, तिथे पोचण्याआधी सामना पाहून या, म्हणजे झालं.

कागद आखा

मोबाईलवर नको. साधा कागद घ्या, बारा ओळी आखा. प्रत्येक ओळीत फेरीचा क्रमांक, मग तीन छोटे चौकोन, मग दोघांचे गुण, आणि शेवटी एक रिकामी जागा. खऱ्या पंचांच्या कागदावर हे चौकोन नसतात. मी ते का काढतो, ते लिओनार्डच सांगेल.

त्याच्या कोपऱ्यातली माणसं फेरीची शेवटची तीस सेकंदं उरली की त्याला ओरडून सांगत. अडीच मिनिटं सरकत राहिलेला लिओनार्ड मग एकदम ठोशांची सरबत्ती लावी आणि घंटा वाजे. माणसाला शेवटचं तेवढं आठवतं. परीक्षेत शेवटचं उत्तर छान लिहून मास्तरांना खूश करावं, तसा प्रकार. चौकोन त्यावर उपाय आहेत: पहिलं मिनिट संपलं की पहिल्या चौकोनात ‘ह’ किंवा ‘लि’, दुसरं संपलं की दुसऱ्यात. तिसऱ्या मिनिटाला शेवटच्या आतषबाजीने तुम्ही भारावलात तरी पहिली दोन अक्षरं कागदावर बसलेली असतात.

आवाज बंद करा

ही पायरी टाळू नका. समालोचक ज्याच्यावर खूश असतो त्याचा हातमोज्यावर अडलेला ठोसाही ‘जबरदस्त’ असतो. प्रेक्षकांचंही तेच. त्या रात्री लिओनार्डने नुसते हात फिरवले तरी आरोळी उठत होती. मी हा सामना पहिल्यांदा आवाजासकट पाहिला आणि लिओनार्डला दोन गुणांनी विजयी केलं. महिन्याभराने आवाज बंद करून पाहिला, तर हॅग्लर दोन गुणांनी पुढे. माझे डोळे तेच होते, कान तेवढे मध्ये आले होते.

दहा गुणांची पद्धत

फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. एकजण खाली पडला तर साधारणपणे 10-8, दोनदा पडला तर 10-7. रेफरीने नियमभंगासाठी गुण कापला तर तो वेगळा वजा करायचा. फेरी अगदीच बरोबरीची वाटली तर 10-10 देता येतात, पण पंचांना ते फारसं आवडत नाही आणि तुम्हीही देऊ नका. 10-10 म्हणजे बहुतेक वेळा आपलं लक्ष नव्हतं याची कबुली असते.

या सामन्यात कोणी पडत नाही, त्यामुळे गणित सोपं आहे. सात-पाच फेऱ्या म्हणजे 115-113. आठ-चार म्हणजे 116-112.

फेरी कोणाची हे ठरवायला चार निकष सांगितले जातात: स्वच्छ आणि जोरकस ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. चारही सारख्या वजनाचे समजलात तर घोळ होतो. मी पहिला निकष आधी लावतो, आणि तिथेच उत्तर मिळालं तर पुढे जातच नाही. ठोसा हातमोज्याच्या गादीने नेमका चेहऱ्यावर किंवा बरगडीत बसला का? की कोपरावर, खांद्यावर, हातमोज्यावर अडला? समोरच्याचं डोकं मागे गेलं का, त्याचे पाय थबकले का? दहा टिचक्यांपेक्षा असा एक ठोसा भारी असू शकतो. मात्र एकाने पंधरा टिचक्या मारल्या आणि दुसऱ्याचा एकही बसला नाही, तर फेरी टिचक्यांचीच.

दुसऱ्या निकषातला ‘परिणामकारक’ हा शब्द लोक गिळून टाकतात. पुढे पुढे चालत जाणं म्हणजे आक्रमण नव्हे. हॅग्लर जवळजवळ संपूर्ण सामनाभर पुढे चालतोय. प्रश्न एवढाच की चालत जाऊन त्याच्या हाती काय लागतंय. ताब्याचंही तसंच. मागे सरकणारा स्वतःच्या मर्जीने सरकत असेल तर ताबा त्याचा, आणि जीव वाचवत पळत असेल तर पाठलाग करणाऱ्याचा. लिओनार्डचं सरकणं यातलं कोणतं, यावरच सगळा वाद उभा आहे.

आता पाहा

पहिल्या दोन फेऱ्यांत हॅग्लरचे पाय बघा. हा मुळात डाव्या पवित्र्याचा लढवय्या, उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवणारा. त्या रात्री त्याने सुरुवात मात्र इतर बहुतेकांसारखी उजव्या पवित्र्याने, डावा हात पुढे ठेवून केली. का, याची उत्तरं चाहते आजही शोधतात. माझ्या मते त्याने दोन फेऱ्या आंदण दिल्या, आणि 115-113च्या सामन्यात दोन फेऱ्या म्हणजे सगळंच. चौथीत लिओनार्ड हात गोल फिरवून पोटात ठोसा मारतो. दिसायला मजेदार, जखम शून्य. त्याला गुण त्या ठोशाचे देऊ नका, फेरीतल्या बाकीच्या कामाचे द्या.

पाचवीत हॅग्लरचा अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) बसतो आणि लिओनार्ड हलतो. फेरी स्पष्टपणे हॅग्लरची. इथून पुढे लिओनार्डचे पाय जड होत जातात, तो मिठी मारू लागतो, आणि कागदावर खाडाखोड करण्याचा मोह सुरू होतो. खाडाखोड करायची नाही. विश्रांतीच्या त्या एका मिनिटात गुण लिहायचे आणि कागदावरून हात उचलायचा. खऱ्या पंचाचा कागद प्रत्येक फेरीनंतर गोळा केला जातो. आठवी पाहून तिसरीचे गुण बदलायची सोय त्याला नसते. म्हणून व्हिडिओ थांबवून मागे नेणंही बंद.

नववी फेरी मात्र जपून पाहा. हॅग्लर कोपऱ्यात गाठतो, लिओनार्ड ठोशांनीच वाट काढून बाहेर पडतो, पुन्हा गाठला जातो. ओल्या चिंध्यांसारखी थकलेली दोन शरीरं, पण थांबायला कोणी तयार नाही. मी या फेरीला दर वेळी हॅग्लरचे 10 देतो आणि दर वेळी लिओनार्डसाठी हळहळतो.

शेवटची रिकामी जागा

प्रत्येक ओळीत शेवटी जी जागा सोडली, तिथे एकच खूण करायची: ही फेरी देताना मन कचरलं का? कचरलं असेल तर प्रश्नचिन्ह. माझ्या मते सबंध कागदात हाच रकाना महत्त्वाचा, कारण एकटी बेरीज खोटा आत्मविश्वास देते.

माझा कागद सांगतो: लिओनार्डच्या स्पष्ट फेऱ्या पाच, हॅग्लरच्या स्पष्ट चार, प्रश्नचिन्हं तीन. म्हणजे तिन्ही शंकास्पद फेऱ्या लिओनार्डला दिल्या तर 116-112 लिओनार्ड. तिन्ही हॅग्लरला दिल्या तर 115-113 हॅग्लर. या दोन टोकांमधलं कोणतंही उत्तर प्रामाणिक माणूस देऊ शकतो.

आता पंचांचे आकडे. लू फिलिपो: 115-113 हॅग्लर. डेव्ह मोरेटी: 115-113 लिओनार्ड. जो जो गुएरा: 118-110 लिओनार्ड. पहिले दोघे परस्परविरोधी असूनही माझ्या टप्प्यात बसतात. तिसरा बसत नाही, कारण त्याने हॅग्लरला बारापैकी दोनच फेऱ्या दिल्या. त्यातली चुटपुट अशी की मुळात एक ब्रिटिश पंच, हॅरी गिब्ज, नेमला जायचा होता. हॅग्लरच्याच गोटाने त्याला हरकत घेतली, म्हणून मेक्सिकोचे गुएरा आले. गिब्जने नंतर सांगितलं की त्याच्या हिशेबाने हॅग्लर जिंकला होता. हॅग्लर त्यानंतर एकदाही रिंगमध्ये लढला नाही.

तुमचा निकाल पंचांशी जुळला नाही तर बिघडत नाही. ते रिंगच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना बसतात, आणि रेफरीची पाठ मध्ये आली की त्यांना ठोसा दिसतच नाही. तुम्हाला कॅमेऱ्याने निवडलेली बाजू दिसते. जुळवून पाहायचंच असेल तर बेरीज नको, फेरीनिहाय जुळवा: तुमची प्रश्नचिन्हं आणि पंचांची आपसातली मतभिन्नता त्याच फेऱ्यांत आहे का? असेल तर तुमची नजर तयार होतेय.

फार जुन्या सामन्यांकडे वळलात तर एक खड्डा आहे. 8 मार्च 1971चा मोहम्मद अली-जो फ्रेझियर सामना पंधरा फेऱ्यांचा होता आणि न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दहा गुणांची पद्धत नव्हती. फेऱ्या मोजत, आणि रेफरीही गुण देई. फ्रेझियरच्या बाजूने 8-6-1 (शेवटचा आकडा बरोबरीच्या फेरीचा), 9-6 आणि 11-4 असे कागद निघाले. पंधराव्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) अली पाठीवर पडतो, पण तिथे ती फक्त एक फेरी धरली जाते. तोच सामना दहा गुणांनी मोजला तर तो ठोसा आणखी एक गुण खातो. दोन्ही पद्धतींनी मोजून पाहा.

आणि आपल्याकडचा एक हिशेब. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने कोलंबियाच्या इन्ग्रिट व्हॅलेन्सियाविरुद्ध तीनपैकी शेवटच्या दोन फेऱ्या पाचपैकी तीन पंचांच्या मते जिंकल्या, तरी सामना 3-2 हरली. पहिल्या फेरीत चार पंच व्हॅलेन्सियाकडे होते, आणि तिथे प्रत्येक पंचाची बेरीज स्वतंत्र लागते. फेरी बहुमताने जिंकून काही मिळत नाही. नऊ मिनिटांचाच सामना आहे, जेवण झाल्यावर होऊन जाईल.

हॅग्लर-लिओनार्ड पचला की पुढचा कागद 12 जून 1989च्या लिओनार्ड-हर्न्ससाठी आखा. त्यात हर्न्सने लिओनार्डला दोनदा पाडलं आहे, तिसऱ्या आणि अकराव्या फेरीत, त्यामुळे 10-8 कुठे द्यायचे याचा सराव होईल. एका पंचाने हर्न्सला एका गुणाने पुढे ठेवलं, दुसऱ्याने लिओनार्डला, तिसऱ्याने समसमान, आणि सामना बरोबरीत सुटला. हर्न्स जिंकला होता, हे पुढे लिओनार्डनेच कबूल केलं.